एकेचाळीस नंबरची दोन इंजिनं

"दुरुस्तीवाल्या बाई का?"

"हो, बोला."

"माझ्या घरात कुणीतरी यंत्राशी खेळतंय. परवा माझ्या नातीच्या पायावर इंजिन पडलं. दोन हाडं मोडली. तुम्ही आत्ता निघा."

आवाज म्हाताऱ्या माणसाचा होता, पण हुकूम सोडायची सवय असलेला. सकाळचे सव्वानऊ वाजले होते. लेकीला पाळणाघरात सोडून दुरुस्तीवाली नुकतीच दुकानात टेकली होती.

"कसलं यंत्र?"

"मॉडेल रेल्वे. डिजिटल कंट्रोल. जमतं ना तुम्हाला? की नुसते मिक्सर?"

"मिक्सरही जमतात," ती म्हणाली. "पत्ता सांगा."

घर पहिल्या मजल्यावर होतं. मागची अख्खी खोली गाड्यांनी भरली होती. चारही भिंतींना लागून कमरेइतक्या उंचीचा फळ्यांचा ओटा आणि त्यावर रूळ, यार्ड, बोगदे, सिग्नल. दारातून आत जाता यावं म्हणून तिथे एक उचलती फळी होती. फळी खाली असली की रूळ सलग. वर केली की दोन्ही बाजूंना रूळ तुटलेले, आणि त्यापुढे फक्त जमीन.

दुरुस्तीवालीची नजर आधी त्या काठावर गेली. तिथे साधा अडसरही नव्हता.

"अकरा इंजिनं," म्हातारे म्हणाले. नात त्यांना गाडीआजोबा म्हणायची, म्हणून आता सगळं घरच म्हणायचं. "सगळी पितळेची, हातभर लांब. प्रत्येक तीन किलो. चाळीस वर्षं मी सिग्नलच्या केबिनमध्ये खऱ्या गाड्या सोडल्या. एकही ठोकली नाही."

"परवा काय झालं?"

"मी एकेचाळीस नंबर दाबला. काळं मालगाडीचं इंजिन. ते तिकडे खिडकीपाशी उभं होतं. नात इथे दारात होती, म्हणून फळी वर केलेली. मी काळीला वेग दिला, आणि निघाली निळी! ही, फळीच्या काठाशी उभी असलेली. मी थांबवेपर्यंत गेली खाली."

"काळी निघालीच नाही?"

"तीही निघाली. दोन्ही निघाल्या."

दुरुस्तीवालीनं पिशवी उघडली. या यंत्राची गंमत तिला ठाऊक होती. वीज आणि हुकूम दोन्ही रुळांतूनच जातात, आणि सगळ्या इंजिनांपर्यंत एकदमच पोचतात. पण प्रत्येक इंजिनाच्या पोटात एक चिप असते आणि त्या चिपला एक नंबर. वर्गात हजेरी घ्यावी तसं. ज्याचा नंबर पुकारला त्यानंच 'हजर' म्हणायचं. दोन पोरांना एकच नंबर दिला तर दोघंही उठून उभी राहणार.

चिपचा नंबर वाचायला आणि बदलायला कोपऱ्यात हातभर लांबीचा एक सुटा रूळ होता. तिनं निळं इंजिन त्यावर ठेवलं. हँडसेटवर, म्हणजे गाड्या चालवायच्या रिमोटवर, आकडा उमटला. एकेचाळीस.

"निळीचा नंबर चौदा आहे," गाडीआजोबा म्हणाले. त्यांनी वही पुढे केली. सुबक अक्षरात अकरा ओळी होत्या. निळी, चौदा. काळी, एकेचाळीस. "माझा नियम सोपा आहे. इंजिनाच्या पाटीवरचे शेवटचे दोन आकडे, तोच चिपचा नंबर."

"म्हणजे पाटी बघून दाबायचा."

"पाटी नवख्यांनी बघायची. मला माझ्या इंजिनांचे नंबर पाठ आहेत."

तिनं एकेक करून अकराही इंजिनं वाचली. सात वहीप्रमाणे होती. चारांचे नंबर वेगळेच निघाले. निळी चौदाऐवजी एकेचाळीस. लाल आठऐवजी अठरा. हिरवी त्रेसष्टऐवजी छत्तीस. आणि करडी पाचऐवजी पन्नास.

"चिप आपोआप नंबर बदलते का?" त्यांनी विचारलं.

"एखादी बिघडू शकते. चार चिपा अशा नीट बिघडत नाहीत. हे हातानं केलंय."

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. वाईट बातमीनं इतका आनंद झालेला माणूस तिनं पहिल्यांदाच पाहिला.

"मी सांगत होतो! मला वेडा ठरवायचा घाट आहे हा. सुनेनं डॉक्टरची वेळसुद्धा घेऊन ठेवलीय, डोक्याच्या. नातीला इथे पाठवणं बंद केलंय. आज सहाला सून येणार आहे. तुम्ही लेखी द्या, छेडछाड झालीय म्हणून. मग पोर परत येईल." ते थांबले. "तेवढं एक झालं पाहिजे, बाकी मला काही नको."

"हा सुटा रूळ तुम्ही शेवटचा कधी वापरलात?"

"दोन वर्षं झाली. शेवटचं इंजिन घेतलं तेव्हा."

तिनं रुळावरून बोट फिरवलं. बाकीच्या यार्डातले न वापरलेले रूळ काळवंडले होते. हा लख्ख होता.

"या खोलीत कोण कोण येतं?"

"सोमवारी मास्तर. आमच्या क्लबचा, विज्ञान शिकवायचा. सून दुपारी बाराला नातीला सोडायची, सहाला न्यायची. मुलगा बाहेरगावी असतो, महिन्यातून एकदा येतो."

"आणि काकू?"

"ती काय, झाडते, पुसते. तिला यातलं काही कळत नाही."

दारात आजी, गाडीआजोबांच्या पत्नी, पाण्याचा ग्लास घेऊन उभ्या होत्या. त्यांनी तो दारातूनच दिला. आत पेलाभर पाणीही आणायचं नाही, असा म्हणे नियम होता. चारचा चहासुद्धा गाडीआजोबा बाहेरच्या खोलीत जाऊन घ्यायचे.

गाडीआजोबांनी फोन करून बोलावलं, तसे मास्तर दोन वाजता आले. पोट मोठं, आवाज त्याहून मोठा.

"माझ्यावर संशय? वा! काळीचं चाक मी दुरुस्त करून दिलं. तीन आठवडे माझ्या टेबलावर होती. या सोमवारी आणून ठेवली. त्याचे हे आभार?"

"सोमवारी आणलीत, आणि मंगळवारी अपघात झाला."

"मग? रेल्वेमंत्र्यांनाही बोलवा."

"नंबर बदलायचा कसा, हे तुम्हाला येतं?"

"क्लबमध्ये मीच शिकवतो सगळ्यांना."

"तुमचं यांच्याशी काही वाजलंय?"

मास्तर जरा नरमले. "गेल्या वर्षी प्रदर्शनात याची गाडी तीनदा अडली. लोक हसले. मी म्हटलं, तू बस, हँडसेट मी धरतो. तेव्हापासून मी शत्रू. पण ताई, मला काही करायचंच असतं तर काळीतच केलं असतं ना? ती माझ्या घरी होती. निळीला कशाला हात लावू? आणि मी इथे फक्त सोमवारी येतो, अकरा ते एक. वहिनींना विचारा."

"काकूंना यातलं काही येतं?"

"वहिनींना?" मास्तर हसले. "टीव्हीचा रिमोटसुद्धा त्या दुसऱ्याच्या हातात देतात."

सुनेला तिनं फोन लावला. मागे ऑफिसचा गलका होता.

"मी? मी बदलले नंबर?" सून म्हणाली. "मला त्या खोलीत श्वास घ्यायची परवानगी नाही, आणि मी नंबर बदलणार! दारातून पोरगी आत ढकलायची, दारातून बाहेर काढायची. तेवढाच माझा संबंध."

"डॉक्टरची वेळ मात्र तुम्ही घेतलीत."

"घेतली. ते माझ्या मुलीला दोनदा माझ्या नणंदेच्या नावानं हाक मारून बसले. कुणीतरी बघायला नको? सासूबाई म्हणतात, वय झालंय, होतं असं. बाई, तुम्हाला मूल आहे?"

"मुलगी आहे. चार वर्षांची."

"मग मला काय विचारताय? मला फक्त एक सांगा. यंत्र चुकलं की माणूस? यंत्र चुकलं असेल तर मी तिला पाठवीन. तिलाही त्यांच्याशिवाय करमत नाही. पण माणूस चुकला असेल तर..."



दुरुस्तीवाली कंट्रोल बॉक्सकडे वळली. तारा तपासल्या, जोड तपासले, शॉर्ट झाल्यावर वीज तुटते का ते पाहिलं. कुठेच दोष नव्हता. इतकं नेटकं काम तिनं फार वेळा पाहिलं नव्हतं. प्रत्येक तारेला चिठ्ठी होती.

मग तिला टेबलावर दुसरी वही दिसली. रोजची नोंदवही. केबिनची सवय. कोणती गाडी, किती वाजता, काय झालं. ती मागची पानं चाळू लागली.

'लाल, १८. उभी. चहा. चहानंतर सुरळीत.'

'हिरवी, ३६. उभी. दोनदा तपासली. चहा. नंतर सुरळीत.'

'निळी, ४१. उभी. संपर्क खराब? चहा. चहानंतर सुरळीत.'

ही शेवटची नोंद दोन आठवड्यांपूर्वीच्या गुरुवारची होती. तिनं आणखी मागे पाहिलं. आठ महिन्यांत अशा सतरा नोंदी होत्या. लाल इंजिनाची तर तीनदा. एकही नोंद सोमवारची नव्हती. आणि प्रत्येकीत चहा होता.

तिनं वही मिटली.

चार वाजले. गाडीआजोबा बाहेर चहाला गेले. आजी दारात आल्या. "तुमचाही ओतलाय. या."

"तुम्ही घेत नाही त्यांच्याबरोबर?"

"मी मागाहून घेते. तेवढ्यात खोली पुसून होते."

दुरुस्तीवालीनं हँडसेट उचलला. अकराही इंजिनं मोठ्या रुळावर उभी होती. "आलेच. एवढा निळीचा नंबर परत चौदा करते, इथल्या इथेच."

"इथे नको!" आजी पटकन म्हणाल्या. "त्या छोट्या रुळावर न्या आधी. नाही तर..."

त्या थांबल्या. हातातल्या फडक्याची त्यांनी दोनदा घडी घातली.

"चहा गार होतोय," त्या म्हणाल्या.

सहाला सून आली. मास्तर बसूनच होते. आपल्यावरचा संशय फिटल्याशिवाय ते हलणार नव्हते.

दुरुस्तीवाली सुनेजवळ गेली. "आपण दोघी जरा खाली जाऊन बोलू या का?"

"खाली नाही," गाडीआजोबा म्हणाले. त्यांनी दार लावून घेतलं आणि उचलती फळी खटकन खाली टाकली. "इथेच. सगळ्यांसमोर. चोर सापडलाय ना?"

"काका, मी लेखी देते. वाचून घ्या सावकाश."

"नाव घ्या. मी चाळीस वर्षं चौकशा पाहिल्यात. बंद खोलीतली चौकशी नेहमी कुणाला तरी वाचवायला असते."

आजी म्हणाल्या, "अहो, जाऊ द्या ना. बाई दिवसभर दमल्यात."

"तू मधे बोलू नकोस. बोला, ताई."



"यंत्रात दोष नाही. चार इंजिनांचे नंबर हातानं बदलले. म्हणून मंगळवारी एकेचाळीसची दोन इंजिनं झाली आणि दोन्ही धावली. मी सकाळपासून शत्रू शोधत होते. पण शत्रूला काय हवं असतं? चालतं इंजिन अडावं. तुमच्या वहीत उलटं आहे. सतराही वेळा इंजिन आधी उभं होतं, आणि कुणीतरी हात लावल्यावर चालू झालं."

"म्हणजे?" मास्तर म्हणाले.

"म्हणजे कुणी बिघडवत नव्हतं. कुणीतरी दुरुस्त करत होतं."

"मग आधी बिघडत का होती?" गाडीआजोबांनी विचारलं.

ती नोंदवही घ्यायला टेबलाकडे वळली.

"विचारतोय मी. आधी उभी का राहत होती?"

तिनं नोंदवही उघडून त्यांच्यासमोर धरली. "हे अक्षर तुमचं आहे. 'निळी, ४१.' त्या गुरुवारी तुम्ही निळीसाठी एकेचाळीस दाबलंत. निळी चौदा आहे. ती हलली नाही, कारण तिला कुणी बोलावलंच नव्हतं. तुम्ही चहाला गेलात. तेवढ्यात कुणीतरी ही नोंद वाचून निळीला सुट्या रुळावर नेलं आणि तिचा नंबर एकेचाळीस केला. तुम्ही परत आलात, तोच नंबर दाबलात, ती चालली. लालला अठरा दाबलंत, लाल अठरा झाली. हिरवीला छत्तीस, तर हिरवी छत्तीस. तुमचा प्रत्येक चुकलेला आकडा कुणीतरी मागाहून खरा करून ठेवत होतं."

तिनं काळ्या इंजिनाकडे बोट दाखवलं.

"त्या गुरुवारी काळी मास्तरांच्या घरी होती. इथे एकेचाळीस कुणीच नव्हतं, म्हणून काही बिनसलं नाही. सोमवारी मास्तरांनी काळी आणून ठेवली. मंगळवारी तुम्ही काळीसाठी एकेचाळीस दाबलंत. त्या दिवशी तुमचा आकडा बरोबर होता, काका."

"कोण?" ते म्हणाले. पण आवाज आता हुकमाचा नव्हता.

"मास्तर सोमवारी येतात, नोंदी इतर दिवसांच्या आहेत. तुमच्या सूनबाई बारा आणि सहाला येतात, आणि हे सगळं चारला होतं. दोन वर्षं न वापरलेला रूळ लख्ख आहे. आणि मोठ्या रुळावर नंबर बदलला तर त्यावरच्या सगळ्याच इंजिनांना तो नंबर बसतो, हे ज्यानं कधी केलंय त्यालाच माहीत असतं. आज मी मुद्दामच तसं करते म्हणाले. मला कुणीतरी थांबवलं."

आजी खुर्चीवर बसल्या. इतक्या वर्षांत त्या या खोलीत पहिल्यांदाच बसल्या असाव्यात.

"मीच," त्या म्हणाल्या.

"तू? तुला तर..."

"बावीस वर्षं या दारात उभी आहे मी. चार बटणं तर आहेत."



"माझ्या पाठीमागे," गाडीआजोबा म्हणाले, "माझ्या घरात, माझ्या बायकोनं... तू मला सांगायचं होतंस. सरळ सांगायचंस, तुम्ही चुकताय म्हणून. मी काय लहान आहे?"

"सांगितलं होतं."

"कधी?"

"दोनदा. पहिल्यांदा प्रदर्शनानंतर. तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत. तिसऱ्या दिवशी उठून विचारलंत, प्रदर्शन छान झालं ना? मग पावसाळ्यानंतर परत सांगितलं. तेव्हाही तुम्ही पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकलंत. तोच चेहरा, तेच रडणं. तिसऱ्यांदा तो चेहरा बघायची माझी तयारी नव्हती. म्हटलं, इंजिनं ऐकतात, त्यांचेच नंबर बदलू."

गाडीआजोबांनी मास्तरांकडे पाहिलं, मग सुनेकडे, कुणीतरी हे खोडून काढावं म्हणून.

"आणि माझी मुलगी?" सून म्हणाली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "तिच्या पायात सळी घालायची की नाही ते सोमवारी ठरणार आहे. तुम्हाला सगळं माहीत होतं, आणि रोज दुपारी तुम्ही माझ्या हातून तिला घेत होतात."

"काळी परत आलीय, हे माझ्या डोक्यातून गेलं गं."

"हो का? म्हणजे तुमच्याही डोक्यात राहत नाही."

आजींनी मान खाली घातली. मास्तर उठले. "निघतो मी," ते भिंतीला म्हणाले, आणि फळी उचलून बाहेर पडले.

सून दुरुस्तीवालीकडे वळली. "लेखी द्या मला. आणि तुम्ही सांगितलंत तुम्हाला मुलगी आहे म्हणून. तुम्ही पाठवली असती इथे?"

गाडीआजोबा तिच्याकडे बघत होते. दिवसभरात तिला त्यांच्या वायरिंगचा आदर वाटला होता, त्यांच्या अक्षराचाही. एखादं मऊ उत्तर शोधायला तिनं वेळ घेतला. सापडलं नाही.

"नाही," ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली, जणू वरिष्ठानं निकाल वाचून दाखवला होता आणि तो नियमाला धरून होता. मग ते सुनेला म्हणाले, "बरोबर आहे. नको पाठवूस. फक्त तिला यातलं काही सांगू नकोस. यंत्र बिघडलंय म्हण. आजोबा दुरुस्त करतायत, म्हणून सांग."

"सांगते," सून म्हणाली.

दुरुस्तीवालीनं कागदावर तीन ओळी लिहिल्या. नियंत्रण यंत्रणा निर्दोष. चार चिपांचे नंबर हाताने बदललेले. अपघात त्यामुळे. खाली सही केली. सुनेनं कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि दाराकडे निघाली.

आजी तिच्या मागोमाग बाहेरच्या खोलीत आल्या. सून वाकून चपलेचा पट्टा लावत होती.

"मी येऊ का गं तिकडे? तिला बघायला? लगेच परत येईन. लांबूनच बघेन."

सुनेनं दुसरा पट्टा लावला, नीट ओढून पाहिला, आणि उभी राहिली.

"बघू," ती म्हणाली.